सगळ्या गोळ्या एकदम बंद करू का?

पत्राचा गोषवारा: वाचक ४८ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. सहा वर्षांपूर्वी छातीत जळजळ आणि आंबट ढेकर यांनी त्या हैराण झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी 'काही आठवडे घ्या' म्हणून पँटोप्राझोल दिलं. ती गोळी आजही चालू आहे. आठवण राहावी म्हणून त्या ती रात्री जेवण झाल्यावर घेतात. बंद केली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी जळजळ पहिल्यापेक्षा जोरात परत येते. गुडघेदुखीसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफिनॅक घेतात. पोट साफ होत नाही म्हणून अधूनमधून रात्री बिसाकोडिल, मग जुलाब लागले तर ते थांबवायला लोपेरामाइड. कामाचा ताण आला की बेंबीभोवती मुरडा येतो, शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं. पित्ताच्या गोळीने किडनी आणि हाडं खराब होतात असं त्यांच्या वाचनात आलं. नणंद म्हणतात, 'सगळं फेकून दे, पोट आपोआप ताळ्यावर येईल.' यजमान म्हणतात, 'सोसतंय ना, मग चालू दे.' त्या विचारतात: सगळ्या गोळ्या एकदम बंद करू का? आणि औषधाची ही सवय मीच लावून घेतली का?

नाही, एकदम बंद करू नका. गोळ्या कमी व्हाव्यात ही तुमची इच्छा मात्र अगदी रास्त आहे, आणि त्या बऱ्याच कमी होऊ शकतील असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. पण कुठली आधी आणि कुठली नंतर, हा क्रम चुकला तर नुकसान होईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या नणंद आणि यजमान दोघंही काळजीपोटीच बोलतात. पण दोघांनीही चारही गोळ्या एकाच पारड्यात टाकल्या आहेत, आणि पत्र लिहिताना तुम्हीही तेच केलंत. पँटोप्राझोल जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींवर काम करतं. डायक्लोफिनॅकचं लक्ष्य पोट नाहीच, पण सगळ्यात जास्त त्रास ते पोटालाच देतं. बिसाकोडिल मोठ्या आतड्याला हलवतं आणि लोपेरामाइड त्याच आतड्याला थांबवतं. एकीला लागू पडणारं उत्तर दुसरीला लागू पडेलच असं नाही.

आधी त्या तिसऱ्या दिवसाबद्दल बोलू, कारण तुमची सगळी घालमेल तिथून सुरू झाली आहे. गोळी थांबवली, जळजळ परत आली, म्हणजे आजार तसाच आहे आणि गोळी जन्मभर लागणार, असा अर्थ तुम्ही लावलात. दुसरा अर्थ तुम्ही मनाला लावून घेतलात तो सवयीचा. या दोन्हींखेरीज तिसरी एक शक्यता आहे, आणि ती फार लोकांना कुणी सांगतच नाही.

जठराच्या अस्तरातल्या काही पेशींवर अतिसूक्ष्म पंप असतात. ते पोटॅशियम आत घेतात आणि हायड्रोजन जठरात ढकलतात; आम्ल तयार होतं ते असं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या एकाच घराण्यातल्या गोळ्या. त्या या पंपाला घट्ट चिकटतात आणि तो निकामी करतात. पुन्हा आम्ल हवं असेल तर पेशीला बहुतांशी नवा पंप घडवावा लागतो. म्हणूनच औषध रक्तातून काही तासांत नाहीसं झालं तरी परिणाम दिवसभर टिकतो. आता, आम्ल कमी झाल्याचं जठराला कळतं. ते गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागतं, म्हणजे 'आम्ल वाढवा' असा निरोप सतत जात राहतो. गोळी चालू असेपर्यंत तो निरोप वाया जातो. गोळी थांबली की नवे पंप तयार होतात, गॅस्ट्रिन चढलेलंच असतं, आणि काही आठवडे जठर पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल बनवतं.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. २००९ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२० निरोगी लोकांवर हे तपासलं. त्यांना पोटाची कुठलीच तक्रार नव्हती. निम्म्यांना ८ आठवडे याच घराण्यातलं इसोमेप्राझोल आणि मग त्यांच्या नकळत नकली गोळी दिली; उरलेल्यांना सुरुवातीपासून नकली गोळीच. औषध बंद झाल्यानंतरच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी वर येणं असा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. जळजळ कशी असते हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही ती गोळी थांबवल्यावर झाली!

तेव्हा तिसऱ्या दिवसाची जळजळ हा मूळ आजार शिल्लक असल्याचा पुरावा नाही. नसल्याचाही नाही. त्या आठवड्यात हे ठरवताच येत नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही दर वेळी निकाल लावून मोकळ्या झालात. व्यसनात औषधाची ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते. इथे तसं काहीच नाही. शरीराने आपल्या परीने तोल साधायचा प्रयत्न केला, इतकंच. यात तुमचा काडीचाही दोष नाही. चूक कुठे झाली असेल तर 'काही आठवडे' म्हणजे किती आणि नंतर काय, हे कागदावर आलं नाही तिथे.

आता गोळीच्या वेळेबद्दल. रात्री जेवण झाल्यावर घेता असं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण ती ओळ महत्त्वाची आहे. ही औषधं जागे झालेले, कामाला लागलेले पंपच बंद करू शकतात, आणि पंप जागे होतात जेवणाने. रात्रभराच्या उपाशी पोटानंतर सकाळचं पहिलं खाणं पोटात गेलं की सगळ्यात जास्त पंप कामाला लागतात. त्या वेळी औषध रक्तात हजर हवं, म्हणून ते खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायचं. जेवणानंतर घेतलेल्या गोळीची बरीचशी ताकद वाया जाते. आणखी एक गंमत अशी की आम्लाला अडवणारं हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. ओमेप्राझोलची कॅप्सूल कधी उघडलीत तर आत बारीक पांढुरके दाणे दिसतील. त्यातल्या प्रत्येक दाण्यावर आम्लाला दाद न देणारं वेष्टण असतं, ते पुढे लहान आतड्यात जाऊन विरघळतं. तुमच्या गोळीवरही तसाच लेप असतो. म्हणून हे दाणे चावायचे नाहीत आणि गोळी कुटायची नाही. कदाचित तुम्हाला पूर्ण मात्रेची गरजच नसेल आणि निम्मी मात्रा योग्य वेळी घेऊनही तेवढाच आराम पडेल. हे करून पाहण्यासारखं आहे.

जळजळ झाली की तेवढ्यापुरती गोळी घ्यायची, असंही अनेक वाचक करतात. पण पूर्ण परिणाम साधायला या गोळ्यांना काही दिवस सलग घ्यावं लागतं. तडकाफडकी आराम हवा असेल तर वेगळी औषधं आहेत. अँटासिड जठरात असलेलं आम्ल तिथल्या तिथे मारतं, मिनिटांत बरं वाटतं, पण ते फार वेळ टिकत नाही. अल्जिनेट हे समुद्री शेवाळापासून मिळणारं द्रव्य जठरातल्या अन्नावर तराफ्यासारखं तरंगतं आणि आम्ल वर यायची वाट अडवतं. जेवणानंतरच्या आणि आडवं पडल्यावरच्या जळजळीत मला ते फार उपयोगी वाटतं. फॅमोटिडीन हिस्टामिन या द्रव्याचा 'आम्ल बनवा' हा निरोप पेशीपर्यंत पोचू देत नाही. ते साधारण तासाभरात लागू पडतं, काही तास टिकतं, पण रोज घेतलं तर काही आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो.

या सगळ्या औषधांविषयी मनात आकस मात्र धरू नका. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आलं, तोपर्यंत जठराच्या व्रणासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करणं ही नित्याची गोष्ट होती. ते औषध ज्यांच्या कामातून आलं त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास ओमेप्राझोलही वापरात आलं. किती जणांचा रक्तस्राव आणि किती जणांचे प्राण या गोळ्यांनी वाचवले आहेत, याची जाणीव ठेवूनच त्यांच्या तोट्यांबद्दल बोललं पाहिजे.

तर मग किडनी आणि हाडं. तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतलं असावं: ही गोळी घेणाऱ्यांमध्ये अमुक आजार जास्त दिसला. पण गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी, जास्त वयाचे आणि इतर औषधंही घेणारे असतात. म्हणून दोष कुणाचा हे त्यातून पक्कं कळत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७ हजारांहून अधिक हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं विभागून सुमारे तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा नकली गोळी दिली गेली. हाडं मोडणं, किडनीचा दीर्घ आजार, न्यूमोनिया यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आतड्याचे संसर्ग तेवढे किंचित वाढले, १ टक्क्याच्या जागी १.४ टक्के. ते समजण्यासारखं आहे, कारण अन्नापाण्याबरोबर आलेले जंतू मारणं हे आम्लाचं एक काम आहेच. तुमची सहा वर्षं झाली आहेत, तेव्हा तीन वर्षांची चाचणी तुमच्यासाठी शेवटचा शब्द नाही. दीर्घ वापरात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. या दोन्हींची रक्ततपासणी करून घ्या. क्वचित कुणाला या गोळ्यांची प्रतिक्रिया येऊन किडनीला सूज येते, म्हणून त्याच रक्तात क्रिएटिनिनही बघून घेतलेलं बरं. बाकी घाबरून जाण्यासारखं काही नाही. गरज असेल तर ही गोळी वर्षानुवर्षं घेणारे लोक आहेत आणि ते योग्यच करतात. प्रश्न गरज आहे का एवढाच आहे.

आणि इथे तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ येते, गुडघ्याच्या गोळीची.

जठरात एवढं जहाल आम्ल असूनही जठर स्वतः सडत नाही, कारण त्याच्या अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर असतो आणि त्याखाली रक्तपुरवठा भरपूर असतो. हा थर राखायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात. गुडघ्यातली सूज आणि वेदनाही याच कुळातल्या द्रव्यांमुळे होते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात, आणि ती गुडघा आणि जठर असा भेद फारसा करत नाहीत. ॲस्पिरिनसारख्या औषधांचं हे कोडं जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं. औषध इंजेक्शनने घ्या नाहीतर जेवणानंतर गोळी घ्या, परिणाम रक्तातून होत असल्यामुळे जठराचं संरक्षण कमी व्हायचं ते होतंच. 'काहीतरी खाऊन घेते, मग त्रास नको' या समजुतीवर विसंबू नका. या औषधांनी झालेला व्रण कित्येकदा दुखतही नाही. थेट रक्तस्रावानेच कळतो.

आता विचार करा. तुम्ही आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफिनॅक घेता आणि त्याच्या जोडीला तुमचं पँटोप्राझोल, वेळ चुकलेली असली तरी, जठराला थोडंफार राखतं आहे. नणंदेचं ऐकून पित्ताची गोळी फेकली आणि गुडघा दुखला म्हणून दुसरी चालू राहिली, तर अंगावरचं चिलखत काढून तुम्ही लढायला उतरल्यासारखं होईल. म्हणून क्रम असा: हात आधी वेदनाशामकाला लावायचा, पित्ताच्या गोळीला नंतर. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या मर्यादेत चालतं का, वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल पुरतं का (ते रक्तात फारच कमी उतरतं), मांडीच्या स्नायूंचे व्यायाम कुणाकडून नीट शिकून घेता येतील का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पोटातून घ्यायची वेदनाशामक गोळी सुटणारच नसेल, तर पित्ताची गोळी चालू ठेवायला ते एक चांगलं कारण आहे. कुणी वाचक हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर हे वाचून त्यांनी ते आपल्या मनाने थांबवू नये.

सहा वर्षांत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा झाली नसावी. जठराचा व्रण ताणतणावाने आणि तिखटाने होतो असं डॉक्टरही मानत असताना ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी या वाकड्या जंतूकडे बोट दाखवलं. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू वाढवलेलं द्रावण स्वतः पिऊन घेतलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. छातीतली जळजळ या जंतूमुळे होतेच असं नाही, हे स्पष्ट सांगते. पण पोटाच्या वरच्या भागात दुखणं आणि व्रण यांच्यामागे तो असतो, आणि वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात तो असेल तर व्रणाची शक्यता आणखी वाढते. तपासणी श्वासावर किंवा शौचावर होते. मात्र पँटोप्राझोल चालू असताना जंतू असूनही तपासणी 'नाही' म्हणू शकते. त्यासाठी गोळी दोन आठवडे आणि कुठलंही अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावं लागतं. जंतू सापडलाच तर अँटिबायोटिकं आणि आम्ल कमी करणारी गोळी असा साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. तो अर्ध्यावर सोडायचा नाही, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरंच गेला का हे पुन्हा तपासायचं. पचनाच्या तक्रारींत औषधाने कारणच मुळापासून उपटून टाकता येतं असे प्रसंग थोडे. हा त्यातला एक आहे. म्हणून तो निसटू देऊ नका.

तुमची मूळ जळजळ मात्र अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडल्याने होत असण्याची शक्यता जास्त. गोळी वर येणाऱ्या रसातलं आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करत नाही. ती सैल असेल तर वजन थोडं उतरवणं, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवणं, पलंगाची डोक्याकडची बाजू काही इंच उचलणं यांनी जो फरक पडतो तो गोळीला पूरक असतो. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही. त्याने पोट दुमडतं.

गुडघ्याचा प्रश्न मार्गी लागला आणि डॉक्टरांनी होकार दिला की पँटोप्राझोल उतरवायला घ्या. आधी ती सकाळी, खाण्याआधी घ्यायला लागा. मग निम्मी मात्रा दोन ते चार आठवडे, मग एक दिवसाआड, मग बंद. थेट बंद केलं तरी चालतं असंही तज्ज्ञ मानतात, पण तुमचा आधीचा अनुभव बघता हळूहळू उतरलेलं तुम्हाला सोसेल. त्या आठवड्यांत जळजळ होणार हे धरूनच चाला आणि अल्जिनेट किंवा अँटासिड हाताशी ठेवा. चार-सहा आठवड्यांनी ती विरत गेली, तर गोळीची रोजची गरज नव्हती. दोन महिन्यांनंतरही ती तशीच असेल, तर गरज आहे. तेव्हा सर्वांत कमी मात्रा निश्चिंत मनाने घ्या, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. अँटासिड घेताना एक पथ्य: थायरॉईडची गोळी, लोह आणि काही अँटिबायोटिकं यांना ते बांधून टाकतं, म्हणून मध्ये काही तासांचं अंतर हवं, थायरॉईडच्या गोळीसाठी चार तास. ज्यांना पूर्वी व्रणातून रक्तस्राव झाला आहे, अन्ननलिकेला खोल जखमा झाल्या आहेत, बॅरेट्स नावाचा अन्ननलिकेतला बदल निघाला आहे किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, त्यांनी हा प्रयोग अजिबात करू नये.

जाता जाता तुमची पट्टी नीट वाचा. पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन मिसळलेल्या कॅप्सूलही असतात. डोमपेरिडोन जठर पुढे रिकामं व्हायला आणि मळमळ थांबायला मदत करतं, पण ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतं. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, कमी मात्रेत आणि साधारण आठवडाभरच असावा असं सांगितलं आहे. सहा वर्षं रोज घ्यायची ती गोष्ट नव्हे.

बिसाकोडिल आणि लोपेरामाइड यांचं चक्र कसं फिरतं पाहा. दोन दिवस शौचाला झालं नाही की तुम्हाला बेचैनी येते, तुम्ही रात्री बिसाकोडिल घेता. ते मोठ्या आतड्याच्या भिंतीला चेतवतं आणि सहा ते बारा तासांत आतडं सपाटून रिकामं करतं. कधी जुलाब होतात, मग लोपेरामाइडने ते आवळता. आता आतडं रिकामं, वरून थांबवलेलं. पुढचे दोन-तीन दिवस शौचाला होणार कुठून? पण तुम्हाला वाटतं पुन्हा बद्धकोष्ठ झालं, आणि पुन्हा बिसाकोडिल. 'रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे' या समजुतीलाच मला इथे हात घालायचा आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाचं असू शकतं, जर शौच मऊ होत असेल आणि कुंथावं लागत नसेल.

रोजच्यासाठी सौम्य औषधं जास्त बरी. इसबगोल पाणी धरून शौचाचं आकारमान वाढवतं; त्याला एक ते तीन दिवस लागतात आणि बरोबर भरपूर पाणी हवंच, नाहीतर ते आत घट्ट बसतं. लॅक्टुलोज आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून ठेवतात, दोन-तीन दिवसांत शौच मऊ होतं. लॅक्टुलोजने गॅस जास्त होतो. तुम्हाला पोट फुगण्याचा त्रास असेल तर दुसरं निवडा. बिसाकोडिलने आतडं कायमचं आळशी होतं ही भीती जितकी पसरली आहे तितका तिला आधार नाही. अडीअडचणीला ते घ्यायला हरकत नाही. फक्त दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका, त्याचं वेष्टण जठरातच विरघळून कळा येतात. लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियमची अँटासिडं यांनीही शौच घट्ट होतं, तेव्हा तसं काही चालू आहे का बघा.

लोपेरामाइडबद्दल थोडक्यात. ते आतड्याच्या हालचाली मंदावतं, जुलाबांचं कारण घालवत नाही. ताप असेल, शौचातून रक्त किंवा आव पडत असेल तर ते घ्यायचं नाही, लहान मुलांना तर नाहीच. साध्या जुलाबांत खरं काम ओआरएस करतं: ग्लुकोज आणि मीठ एकत्र असले की लहान आतड्याच्या पेशी दोन्ही मिळून आत ओढतात, आणि त्यांच्या मागे पाणी येतं. म्हणूनच ते प्रमाणात आणि पूर्ण पुडी सांगितलेल्या पाण्यातच विरघळवायचं. अँटिबायोटिक बहुतेक जुलाबांना लागत नाही.

ताणाच्या दिवशी येणारा मुरडा, शौचाला गेल्यावर मिळणारा आराम, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ, हे चित्र आयबीएसशी, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतड्याच्या विकाराशी जुळतं. तपासण्यांत काही सापडत नाही म्हणून तो मनाचा खेळ ठरत नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं दाट जाळं असतं, ते मेंदूशी सतत बोलत असतं; आयबीएसमध्ये ते जास्त संवेदनशील झालेलं असतं. मेबेव्हेरिन आणि पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आतड्याचे स्नायू सैल करतात. मात्र पेपरमिंटने वरची झडपही सैल पडून जळजळ वाढू शकते, म्हणून तुम्ही जपून. एवढ्याने भागलं नाही आणि डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन सुचवलं तर दचकू नका. ते नैराश्यावरचं जुनं औषध आहे खरं, पण इथे ते १० ते ३० मिलिग्रॅम इतक्या थोड्या मात्रेत, आतड्याकडून येणारे वेदनेचे संदेश मवाळ करायला देतात. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं. तोंड कोरडं पडणं, झोप येणं आणि बद्धकोष्ठ हे त्याचे तोटे. ही गोळी घेणाऱ्या कुणालाही 'डोक्याचं औषध चालू आहे' म्हणून हिणवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काही लक्षणं असली तर यातलं काहीही घरी करत बसायचं नाही. घास अडकणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं चिकट शौच, रक्तक्षय, झोपेतून उठवणारं पोटदुखणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, जवळच्या नात्यात पोटाचा किंवा आतड्याचा कर्करोग, अशा वेळी दुर्बिणीची तपासणी आधी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते आपणच ठरवून गप्प बसू नये. आणि छातीतली जळजळ चालताना किंवा जिने चढताना येत असेल, हातात किंवा जबड्यात पसरत असेल, घाम फुटत असेल, तर अँटासिडची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. स्त्रियांचा हृदयविकार पित्त समजून अंगावर काढला जातो, आणि ते मला फार लागतं.

आता पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर चारही औषधांची नावं, मात्रा आणि घ्यायची वेळ लिहा. प्रत्येकापुढे दोन रकाने रिकामे ठेवा: 'कशासाठी' आणि 'कधीपर्यंत'. डॉक्टरांना ते त्यांच्या हाताने भरायला सांगा. ते घाईत असतील तर निदान डायक्लोफिनॅकच्या ओळीवर त्यांचं उत्तर घेऊनच उठा. एका वेळी एकच बदल करा, आणि त्याला किमान दोन आठवडे द्या. नाहीतर फरक कशाने पडला हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.